घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा: सोलापूरकरांसाठी न्यायालयीन वाटचालीचे मार्गदर्शन

संसार मोडकळीला आला की माणसे वकिलाकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन जातात, तो म्हणजे ‘घटस्फोट मिळेल का?’ न्यायालयापुढे मात्र या एका प्रश्नाचे चार वेगळे प्रश्न होतात. विवाह संपवण्यासाठी कायद्याने सांगितलेले कारण सिद्ध होते का, कोणी कोणाला किती पोटगी द्यायची, मुले कोणाकडे राहायची, आणि मारहाण किंवा छळ होत असेल तर आज रात्रीपुरते तरी संरक्षण कसे मिळायचे. प्रत्येक प्रश्नाचा कायदा वेगळा, पुराव्याचे माप वेगळे आणि कित्येकदा न्यायालयही वेगळे असते. हे चार धागे एकमेकांत गुंतवणे हीच बहुतेक पक्षकारांची पहिली अडचण ठरते, म्हणून पुढील मांडणीत ते शक्य तितके सुटे ठेवले आहेत.

पहिली पायरी: नेमके काय हवे ते ठरवा

पोटगी मिळवण्यासाठी घटस्फोट घ्यावाच लागतो, हा समज चुकीचा आहे. माहेरी येऊन राहिलेल्या आणि विड्या वळून मुलांना सांभाळणाऱ्या स्त्रीची पहिली गरज पुष्कळदा दरमहा ठरावीक रक्कम हाती येण्याची असते. लग्न कायम ठेवूनही तिला ती मागता येते. ज्याला वेगळे राहायचे आहे पण विवाह संपवायचा नाही, त्याला हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १० खाली न्यायिक विभक्तता मागता येते. जोडीदाराने परत नांदावे अशी खरी इच्छा असेल तर कलम ९ खाली वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेचा, म्हणजे बोलीभाषेतला ‘नांदायला येण्याचा’ दावा करता येतो.

या नांदायला येण्याच्या दाव्याविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पत्नीने पोटगीचा अर्ज केल्यावर उत्तरादाखल हा दावा टाकण्याची रीत जुनी आहे, आणि ‘मी न्यायला तयार आहे, तीच येत नाही’ एवढे म्हटले की पोटगी टळते असे अनेक पतींना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या निकालाप्रमाणे, असा हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) पत्नीविरुद्ध झाला आणि ती नांदायला गेली नाही, तरी न जाण्याला रास्त कारण असेल तर तिचा पोटगीचा हक्क बुडत नाही. शिवाय हुकूमनामा दाखवून कोणालाही ओढून घरी नेता येत नाही. मात्र तो झाल्यावर वर्षभर दोघांचे सहजीवन सुरू झाले नाही, तर त्या आधारावर दोघांपैकी कोणालाही घटस्फोट मागता येतो. केवळ डावपेच म्हणून हा दावा करणाऱ्याने हा परिणाम आधीच ध्यानात घ्यावा.

लग्नाला वर्ष झाले नसेल तर घटस्फोटाचा अर्ज सहसा दाखलच होत नाही. असाधारण हालअपेष्टा दाखवल्या तरच न्यायालय त्यातून सूट देते.

दुसरी पायरी: कोणता कायदा, कोणते न्यायालय

हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख यांनाही हिंदू विवाह अधिनियम लागू होतो, आणि त्याच्या दुसऱ्या कलमात वीरशैव व लिंगायत यांचा नावानिशी उल्लेख आहे. नोंदणी पद्धतीने विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली लग्न केलेल्यांना तो कायदा लागतो, मग दोघांचा धर्म कोणताही असो. ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ चा घटस्फोट अधिनियम आहे. मुस्लिम पत्नीला १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियमाखाली न्यायालयात जाता येते. पतीने दोन वर्षे पालनपोषण न करणे, चार वर्षे त्याचा ठावठिकाणा नसणे आणि क्रूरता ही त्यातली काही कारणे आहेत. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्याने निरर्थक ठरला असून तो गुन्हाही आहे.

मुद्रांकावर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन आणि नोटरीचा शिक्का मारून केलेली ‘फारकत’ आपल्याकडे अजूनही दिसते. त्या कागदाने हिंदू विवाह संपत नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २९ ने रूढीनुसार होणारा काडीमोड मान्य केला आहे हे खरे, परंतु आपल्या समाजात अशी रूढी पूर्वापार, अखंड आणि निश्चित स्वरूपात चालत आली आहे, हे ती सांगणाऱ्याला पुराव्याने सिद्ध करावे लागते. पंचांनी बैठक घेतली आणि कागद झाला, एवढे त्यासाठी पुरत नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केल्यास द्विभार्या विवाहाचा आरोप अंगावर येऊ शकतो, आणि दुसऱ्या पत्नीचे कायदेशीर स्थानच संशयात सापडते.

न्यायालय निवडताना लग्न कोठे लागले, दोघे शेवटचे एकत्र कोठे राहिले आणि सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, आज कोठे राहतो, ही तीन ठिकाणे पाहावीत. पत्नी अर्जदार असेल तर २००३ च्या दुरुस्तीमुळे ती स्वतः राहते ते ठिकाणही चालते. सोलापूर शहरातील प्रकरणे कौटुंबिक न्यायालयात चालतात, तर पंढरपूर, बार्शी यांसारख्या ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाकडे जावे लागते. आपला जिल्हा सीमेवरचा असल्यामुळे सोयरिकी विजयपूर, कलबुर्गी आणि तेलंगणापर्यंत झालेल्या असतात, आणि मग एक दावा सोलापुरात व दुसरा इंडीत अशी स्थिती येते. एकाच राज्यातला दावा एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात हलवण्याचा अर्ज उच्च न्यायालयात करता येतो. राज्याची हद्द ओलांडायची असेल तर सर्वोच्च न्यायालयाशिवाय मार्ग नाही. अशा अर्जात पत्नीची गैरसोय, लहान मुले आणि प्रवासाचे अंतर यांना चांगले वजन मिळते.

खर्चाच्या भीतीने थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो, आणि महाराष्ट्रात घटस्फोट व पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी.

तिसरी पायरी: कागद आणि घटनाक्रम

अर्ज लिहून घेण्यापूर्वी स्वतःच्या हाताने घटनाक्रम लिहून काढावा. बहुतेक अर्जांत ‘सासरच्या मंडळींनी वारंवार शारीरिक व मानसिक छळ केला’ हे वाक्य ठोकळेबाजपणे येते, आणि उलटतपासात ‘कधी, कोठे, कोणासमोर’ असे विचारले की ते टिकत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘जानेवारी २०२३ मध्ये, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, रात्री दहाच्या सुमारास पतीने मला घराबाहेर काढले. मी शेजारच्या घरी थांबले. सकाळी भाऊ येऊन मला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये हाताला पट्टी केली, तो केसपेपर माझ्याकडे आहे.’ यात वेळ आहे, जागा आहे, दोन साक्षीदार आहेत आणि एक कागद आहे. नेमकी तारीख आठवत नसेल तर सणाच्या किंवा यात्रेच्या आधाराने ती ठरवता येते, पण अंदाजाने खोटी तारीख कधीही टाकू नये.

लग्नाची नोंदणी झाली नसली म्हणून विवाह अवैध ठरत नाही. लग्नपत्रिका, छायाचित्रे आणि हजर असलेल्या नातेवाइकांची साक्ष यांवर तो शाबित करता येतो. लग्नात मिळालेल्या दागिन्यांची यादी पावत्या व फोटोंसह करून ठेवावी. स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे, ते सासरच्या कपाटात असले तरी मालकी तिचीच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले आहे. मोबाइलमधील संदेश व ध्वनिमुद्रण पुराव्यात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ फोन विकू नये आणि संदेश खोडू नयेत. पती-पत्नीतील संभाषण गुपचूप नोंदवलेले असले तरी वैवाहिक दाव्यात ते पुरावा म्हणून घेता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. माझे मत असे की हे साधन जपून वापरावे, कारण आपण स्वतः काय बोललो तेही त्यातून न्यायाधीशांच्या कानी पडते.

चौथी पायरी: संमती शक्य असेल तर ती नीट लिहा

परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३-ब प्रमाणे किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असणे आवश्यक आहे. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून, आणि अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे असते. हा सहा महिन्यांचा काळ माफ होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. त्यासाठी दोघे एकूण दीड वर्ष वेगळे राहिलेले असावेत, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, आणि पोटगी, मुले व इतर वाद खरोखर मिटलेले असावेत, अशी अपेक्षा असते. हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, आणि येथेच काळजीपूर्वक लिहिलेला करारनामा कामी येतो.

एकरकमी रक्कम किती, कोणत्या टप्प्यांत, कोणत्या खात्यावर, पहिल्या अर्जाच्या वेळी किती आणि अंतिम तारखेला किती, हे सगळे आकड्यांत लिहावे. डिमांड ड्राफ्ट द्यायचा असेल तर तो न्यायालयासमोर द्यावा. दागिने परत देण्याची यादी करारनाम्याला जोडावी. घराचे कर्ज दोघांच्या नावावर असेल तर हप्ते पुढे कोण भरणार ते लिहावे, कारण बँक तुमच्या घटस्फोटाने बांधली जात नाही. सर्वाधिक विसरली जाणारी बाब म्हणजे परस्परांविरुद्धची इतर प्रकरणे. छळाचा गुन्हा दाखल असेल तर तो दोघांनी तडजोड केली म्हणून आपोआप संपत नाही. तो रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जाला तक्रारदार संमतीचे प्रतिज्ञापत्र देईल, हे कलम करारात असलेच पाहिजे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. त्यामुळे अशा कामासाठी मुंबई गाठण्याची गरज आता राहिलेली नाही.

पाचवी पायरी: संमती नसेल तर कारण सिद्ध करा

विरोधातल्या दाव्यात सर्वाधिक वापरली जाणारी कारणे दोन आहेत, क्रूरता आणि परित्याग. व्यभिचार २०१८ पासून गुन्हा राहिलेला नाही, मात्र घटस्फोटाचे कारण म्हणून तो कायम आहे.

क्रूरतेची मोजपट्टी सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दास्ताने दाम्पत्याच्या खटल्यात घालून दिली. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा वैवाहिक दाव्यात लागत नाही, संभाव्यतेचा कल कोणत्या बाजूला झुकतो ते पाहिले जाते. त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट ठरली. पत्नीची वागणूक क्रूरतेची असल्याचे मान्य होऊनही, पतीने नंतर तिच्याशी सहजीवन चालू ठेवून ती माफ केली होती, म्हणून त्याला घटस्फोट मिळाला नाही. ज्या घटनेनंतर दोघे पुन्हा गोडीने नांदले, त्या एकट्या घटनेवर दावा उभा करताना हा धडा लक्षात ठेवावा. रोजची भांडी वाजणे, स्वयंपाकावरून कुरबुर, सासूशी न पटणे यांना न्यायालय सहसा क्रूरता मानत नाही. सततचा अपमान, चारित्र्यावर निराधार संशय, खोट्या तक्रारी, नोकरीच्या ठिकाणी जाऊन केलेली बदनामी यांचा एकत्रित परिणाम मात्र पाहिला जातो.

परित्यागासाठी अर्जापूर्वीची सलग दोन वर्षे वेगळे राहणे, आणि नाते कायमचे तोडण्याचा हेतू, अशा दोन्ही गोष्टी लागतात. घर कोण सोडून गेले एवढ्यावर निकाल लागत नाही. पत्नीला राहणेच अशक्य होईल अशी परिस्थिती पतीने निर्माण केली असेल, तर ती बाहेर पडली तरी परित्याग पतीनेच केला असे कायदा मानतो. पुण्याला नोकरीसाठी गेलेला पती खर्चाला पैसे पाठवतो, सणाला येतो, तेव्हा ते वेगळे राहणे परित्याग होत नाही.

‘दहा वर्षे वेगळे राहतो आहोत, लग्नात आता काही उरलेले नाही’ हे कारण वाटते तितके उपयोगाचे नाही. विवाह पूर्णपणे निष्प्राण होणे हे हिंदू विवाह अधिनियमात स्वतंत्र कारण म्हणून लिहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १ मे २०२३ रोजी सांगितले की संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून ते न्यायालय या आधारावर घटस्फोट देऊ शकते, परंतु हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचाच आहे. सोलापूरच्या न्यायालयापुढे क्रूरता, परित्याग किंवा कायद्यातले दुसरे कारणच मांडावे लागते.

कौटुंबिक न्यायालयात दावा दाखल झाल्यावर प्रथम विवाह समुपदेशकाकडे पाठवले जाते. तेथे केलेले बोलणे गोपनीय असते, म्हणून मोकळेपणाने बोलावे, आणि पटत नसलेल्या कोणत्याही कागदावर केवळ संकोचापोटी सही करू नये. त्यानंतर सामनेवाल्याची लेखी कैफियत (उत्तर), वादाचे मुद्दे, सरतपासाचे शपथपत्र (स्वतःची लेखी साक्ष), उलटतपास आणि युक्तिवाद असा क्रम चालतो. समन्स नाकारून काही साधत नाही, उलट दावा एकतर्फी चालतो. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून पुढची तारीख स्वतः पाहता येते.

पोटगी: उत्पन्नाचा पुरावा कोठे शोधायचा

दावा चालू असताना हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी, निकालाबरोबर कलम २५ खाली कायम पोटगी, आणि या दोन्हींपासून स्वतंत्रपणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मागता येते. हेच पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे प्रसिद्ध १२५ कलम होय, जे १ जुलै २०२४ पासून या नव्या क्रमांकाने ओळखले जाते. घटस्फोट झालेल्या पण पुनर्विवाह न केलेल्या स्त्रीलाही ही पोटगी मिळते, आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रीचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा मान्य केला. कलम २४ व २५ पत्नीपुरती नाहीत, गरजू पतीलाही त्यांखाली अर्ज करता येतो.

४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते. दोन कायद्यांखाली मागणी केली असेल तर आधी मिळालेली रक्कम पुढच्या आदेशात विचारात घेतली जाते, म्हणून ती लपवू नये.

खरी अडचण उत्पन्न दाखवण्याची असते. यंत्रमागावरचा किंवा टॉवेल कारखान्यातला आठवड्याचा पगार पुष्कळदा रोखीने मिळतो, आणि प्रतिज्ञापत्रात तो सोयीने आटतो. अशा वेळी भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक, दुचाकीच्या कर्जाचे हप्ते, बचत गटातील किंवा पतसंस्थेतील व्यवहार, घरभाडे आणि मुलांच्या शाळेची फी यांवरून राहणीमान दाखवता येते. शेतकरी कुटुंबात सातबारा व आठ-अ उतारा, साखर कारखान्याची ऊसबिले आणि पीककर्जाचा खाते उतारा मागवावा. ते सहज मिळत नसतील तर संबंधित संस्थेकडून मागवून घ्यावेत, असा अर्ज न्यायालयात करता येतो. धडधाकट पतीने ‘मला काम नाही’ एवढेच म्हटले तर न्यायालय त्याची कमावण्याची क्षमता गृहीत धरते. पत्नी थोडेफार कमावते म्हणून तिचा हक्क संपत नाही, मात्र तिची कमाई रक्कम ठरवताना धरली जाते, आणि ती दडवल्यास तिच्या विश्वासार्हतेला धक्का बसतो.

मुले

मुलाच्या ताब्याचा निर्णय आईबापांच्या हक्कावर होत नाही, मुलाच्या हितावर होतो. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. मोठ्या मुलांशी न्यायाधीश स्वतंत्रपणे बोलू शकतात, आणि पढवलेले मूल त्यांना चटकन ओळखू येते. ताबा न मिळालेल्या पालकाला भेटीचा अधिकार असतो. दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, वाढदिवस आणि आठवड्यातील व्हिडिओ कॉल यांचे वेळापत्रक नेमके मागावे, ‘सोयीनुसार भेट’ असे मोघम लिहून घेतल्यास पुढे भांडणच होते. पोटगी थकली म्हणून भेट अडवणे, किंवा भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवणे, या दोन्ही गोष्टी करणाऱ्याच्याच विरुद्ध जातात.

छळ असेल तर

कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून संरक्षण, निवास, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. स्त्री सध्या आसऱ्याला राहते त्या गावीही हा अर्ज चालतो. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, म्हणजे तेथे राहण्याचा हक्क तिला मागता येतो, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. तातडीच्या वेळी ११२ किंवा १८१ वर फोन करावा.

पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे छळाविषयीचे कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ आहे. खरा छळ झाला असेल तर तक्रार जरूर करावी, आणि ती माहेरच्या गावीही करता येते. पण ज्यांनी काही केले नाही अशा नणंदा, परगावचे दीर आणि म्हातारे चुलत सासरे यांची नावे यादीत भरू नयेत. त्यांच्यावरील मोघम आरोप उच्च न्यायालयात रद्द होतात, आणि खोटी ठरलेली तक्रार पुढे पतीच्या घटस्फोटाच्या दाव्यात क्रूरतेचा पुरावा होते. दुसऱ्या बाजूने, गुन्हा दाखल झाला की लगेच अटक होते, ही भीतीही २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर बरीच कमी झाली आहे. पोलिसांना आधी नोटीस द्यावी लागते आणि अटकेची गरज लेखी नोंदवावी लागते.

हुकूमनाम्यानंतर

निकाल लागताच प्रमाणित नकलेसाठी अर्ज करावा. विरोधातल्या निकालावर वरच्या न्यायालयात अपील करण्यास नव्वद दिवस असतात. ही मुदत संपल्याशिवाय, किंवा अपील झाले असेल तर ते निकाली निघाल्याशिवाय, पुनर्विवाह करू नये. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसते. कलम १४४ ची पोटगी थकल्यास वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत द्यावा लागतो, त्यामुळे थकबाकी साठू देऊ नये, दर काही महिन्यांनी अर्ज टाकत जावे. रेशनकार्ड, बँक खाती, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांवरील नामनिर्देशन मात्र ज्याचे त्याने संबंधित कार्यालयात नक्कल घेऊन जाऊन बदलून घ्यावे लागते.